गणलेली मेंढी आणि जपलेली मेंढी

श्रीतुकोबारायांची पालखी काटेवाडीस पोहोचते तेव्हा तेथे दोन गोष्टी होतात. परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती फिरवितात. अश्वाच्या रिंगणाला जी शोभा असते ती या रिंगणाला नाही. पुढची मेंढी जिकडे वळेल तिकडे मागच्या साऱ्या माना खाली घालून निघतात. पाऊस झाला असेल तर चिखल उडतो, नसेल तर धुरळा. पण आम्ही कित्येक वर्षे ते पाहत आलो, आणि दरवेळी डोळे भरून येतात. मेंढपाळांची भावना अशी, की पालखीला फेरी झाली म्हणजे वर्षभर कळपात रोगराई शिरत नाही. स्वतःसाठी काही मागणे नाही, मागणे मेंढरासाठी. वाचकहो, हे चित्र मनात असू द्या, म्हणजे पुढचा प्रश्न नुसता सरकारी कागदाचा वाटणार नाही.

प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेला नाही. माण तालुक्यातील एका वाडीवर ज्येष्ठ महिन्यात आमचे कीर्तन होते. त्या दिवसांत कोकणाकडे उतरलेले धनगरांचे वाडे घाटावर परत आलेले असतात. निरूपणाचा विषय भूतदया. ओघात आम्ही एक दृष्टांत दिला. आई आणि पगारी दाई. दोघीही लेकराला पाजतात, पण एकीच्या दुधात वात्सल्य आहे आणि दुसरीच्या दुधात हिशेब आहे. मोल घेतले की दयेची दया राहत नाही, तो व्यवहार होतो. दृष्टांत रंगला. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही मनातून संतोषलो, खोटे कशाला सांगा.

आरती झाल्यावर एक वृद्ध मेंढपाळ पुढे आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पाया पडून म्हणाले, "म्हाराज, एक इचारू का? औंदा सरकारनं मेंढरामागं पैसं दिलं. म्या घेतलं. मग म्या आता दाई झालो का?" आणि थोडे थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "आनि नर कोकरं खाटकालाच जात्यात. माळ घालावी म्हनून चार वर्सं झुरतोय. येका बुवांनी सांगितलं, तुला माळ न्हाई. खरं का?"

आम्ही काय सांगितले? "मामा, अनुदान घ्या, पण त्याचा मोह धरू नका, नाम घेत चला." असे उत्तर देणाऱ्याला काही पडत नाही आणि घेणाऱ्याच्या काही उपयोगी येत नाही. ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, आणि त्यानंतर या विषयाचा जेवढा विचार करता आला तेवढा केला. तो येथे मांडतो.

आधी ही योजना काय आहे ते पाहू, कारण न जाणता निरूपण करण्याचा प्रमाद एकदा झालाच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली राजे यशवंतराव होळकर यांच्या नावाने महामेष योजना काढली. भटक्या जमातींपैकी धनगर व तत्सम समाजासाठी ती आहे. वीस मेंढ्या आणि एक नर मेंढा असा गट घ्यावयाचा, त्याच्या किमतीचा ७५ टक्के भार सरकारने सोसावयाचा. पुण्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ ती चालविते. पुढे तिला चराई अनुदानाची जोड मिळाली. ज्याच्याकडे निदान वीस मेंढ्या व एक मेंढा आहे अशा कुटुंबास जून ते सप्टेंबर हे चार महिने दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये. हेच चार महिने का? कारण त्या दिवसांत रानोमाळ पिके उभी असतात. ज्या शेतकऱ्याने वैशाखात आपल्या वावरात मेंढरे बसविण्यासाठी हात धरून बोलाविले, तोच आषाढात बांधावर काठी घेऊन उभा राहतो. त्याचेही चुकते असे नाही. वनखात्याच्या कुरणात चराईबंदी. मग एकवीस तोंडे घेऊन माणसाने जावे कोठे? ज्यांनी हा चार महिन्यांचा विचार केला त्यांना मेंढपाळाचे वर्ष ठाऊक होते, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता दाईचा प्रश्न. मोल घेतल्याने दया नष्ट होते काय?

आम्ही लहानपणी पाठशाळेत होतो, तेव्हा मीमांसेतील एक उदाहरण गुरुजी वारंवार देत. यज्ञात पुरोडाश करावयाचा, त्यासाठी भात कांडावयाचा. कांडण्याचे फळ कोणते? कोणी म्हणेल, अदृष्ट पुण्य. मीमांसक म्हणतात, उगाच आकाशात कशाला पाहता? कांडल्याने कोंडा निघतो, हे फळ डोळ्यांना दिसते आहे. दृष्ट फळ मिळत असताना अदृष्टाची कल्पना करू नये. कोंडा निघेपर्यंत कांडावे. याच्या उलटही एक ठिकाण आहे. एका कर्मात भाताऐवजी सोन्याचे बारीक दाणे घेतात. तिथे कांडणे लागू नाही, कारण सोन्याला कोंडाच नसतो.

ही गोष्ट आम्हाला पन्नास वर्षे पाठ होती, आणि तरी व्यासपीठावरून आम्ही दाईचा दृष्टांत दिला! विचार करा. दाईने पाजले तरी दूध बाळाच्या पोटातच जाते. पैसे घेऊन का होईना, कोणी मेंढीच्या सडलेल्या खुराला औषध लावले, तर खूर बरा होतो. लावणाऱ्याच्या पदरी पुण्य पडले की नाही हा त्याचा आणि पांडुरंगाचा हिशेब. मेंढीला त्या पुण्याशी कर्तव्य नाही. तिला पाय टेकता आला पाहिजे. आम्ही कीर्तनकार मंडळी भूतदया म्हणताना बहुधा दया करणाऱ्याच्या चित्तशुद्धीचेच वर्णन करीत बसतो, आणि ते भूत, म्हणजे तो मुका जीव, बाजूला ओरडत राहतो. हा आमच्या निरूपणाचा दोष आहे, त्या मेंढपाळाच्या दयेचा नव्हे.

पण एवढ्याने विषय सुटत नाही. दृष्ट फळाचे माप घ्यावयाचे ठरले तर ते सरकारच्या पैशालाही लावले पाहिजे. पैसा कोणत्या गोष्टीशी बांधला आहे? वीस मेंढ्या व एक मेंढा ही अट संख्येची आहे. संख्या भरली की अर्ज बसतो. त्या एकवीस जिवांना आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचली काय, जंताचे औषध पाजले काय, लंगडणारी किती आहेत, पाण्यावाचून किती कोस चालली, याने रक्कम एका पैशाने वाढत नाही आणि घटत नाही. मग अठरा मेंढ्या नीट जपणारा माणूस कर्ज काढून आणखी दोन मेंढ्या कळपात घालणार. चारा तेवढाच, तोंडे वाढली. सोन्याचे दाणे उखळात घालून कांडण्यासारखेच हे झाले. आवाज होतो, कोंडा निघत नाही.

हे आम्ही नुसत्या तर्काने म्हणत नाही. मेंढीमागे पैसे देण्याची रीत आपल्याकडे नवी, पण विलायतेत जुनी आहे. आमच्या एका श्रोत्यांचे चिरंजीव तिकडे नोकरीस असतात, त्यांच्याकडून आम्ही तिथला वृत्तांत मागवून घेतला. १९८० साली युरोपीय समुदायाने मेंढीपालनाचे धोरण आखले आणि कळपातील प्रत्येक प्रसवणाऱ्या मेंढीमागे दरसाल रक्कम देण्यास आरंभ केला. हेतू चांगला होता. डोंगरावरचा गरीब मेंढपाळ टिकावा. झाले काय? ब्रिटनमध्ये तेव्हा तीन कोटींच्या आसपास असलेल्या मेंढ्या दहा वर्षांत चार कोटींवर गेल्या. डोंगरमाथ्यावरचे गवत आणि झुडपे मुळापासून खाल्ली गेली. एकेका राखणदाराच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जनावरे आली. आता पाचशेत एक लंगडते आहे हे कोणाच्या ध्यानात यावे? मोजणाऱ्याच्या वहीत मात्र लंगडी मेंढीही एक आणि धडधाकटही एकच. शेवटी १९९३ पासून संख्येवर मर्यादा घालावी लागली, आणि २००५ साली मेंढीमागे पैसे देण्याची ती रीतच तिथे मोडली.

पुढचा भाग अधिक विचारात घेण्याजोगा आहे. आयर्लंडने २०१६ च्या अखेरीस मेंढीच्या कल्याणासाठी म्हणून वेगळी योजना काढली. मेंढीमागे १० युरो, पण फुकट नाही; लंगडेपणावर उपाय, जंतांची तपासणी, गाभण मेंढीची काळजी अशा ठरवून दिलेल्या कामांतून काही कामे करून दाखवावयाची. इंग्लंडने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आणखी एक वाट धरली. वर्षातून एकदा पशुवैद्याने कळपात येऊन तपासणी करावी, जंताचे औषध खरोखर लागू पडते की नाही ते पाहावे, आणि त्याचा खर्च सरकारने द्यावा. त्यासाठी कळपात निदान २१ मेंढ्या असाव्यात अशी अट आहे. आम्ही हे वाचून हसलो. आपलीही अट वीस अधिक एक, म्हणजे एकवीसच! आकडा तोच, पण एका ठिकाणी एकवीस झाल्या की पैसा येतो, आणि दुसऱ्या ठिकाणी एकवीस झाल्या की वैद्य येतो.

तिकडचे सारे चांगले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांच्या मेंढ्याही अखेर कसाईखान्यातच जातात आणि त्यांच्या हिशेबात त्याला खेद नाही. पण शहाणपण कोठून घ्यावे याला सोवळे नसते. आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात मेंढ्या ७ कोटी ४२ लाख निघाल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारण्याचे काम चालू आहे. ज्या बिल्ल्यावरून मेंढी मोजता येते, त्याच बिल्ल्यावरून तिला लस कधी टोचली हेही पाहता येते. वैद्य वाड्यापर्यंत गेला पाहिजे, एवढेच. वाडा मात्र आज इथे आणि उद्या पाच कोसांवर असतो, दवाखाना तालुक्याच्या गावी, आणि तो सकाळी उघडतो तेव्हा मेंढरे माळावर गेलेली असतात. ही खरी अडचण आहे. ती दयेने सुटत नाही, वाहनाने आणि माणसाने सुटते. पैसा तिथे घाला. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली आणि त्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही आले. म्हणजे सरकारने दया हे कर्तव्य मानले आहे. मग सरकारच्या पैशानेही तेच कर्तव्य केले पाहिजे, नुसती डोकी मोजून कसे चालेल?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तो कठीण आहे, आणि तो टाळून पुढे गेलो तर त्या मामांच्या तोंडाकडे आम्हाला पाहता येणार नाही. नर कोकरे खाटकाकडे जातात. मग हे अनुदान हिंसेलाच पोसते, वारकऱ्याने त्याचे समर्थन कसे करावे? आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी तर सांगितले, "अनुदान बंद करा, मेंढ्या कमी होतील, म्हणजे हिंसाही कमी होईल. सोपे आहे."

सोपे खरेच. पण जी मेंढी जन्मलीच नाही तिच्यावर दया करणे फार स्वस्त असते. जी जन्मली आहे, आज माळावर उभी आहे, तिच्या दुखण्याचे काय? आणि माणसाने हजारो वर्षे हा जीव पाळून त्याला असा करून ठेवला आहे, की तो आता रानात एकटा चार दिवस जगणार नाही. ज्याला आपण परावलंबी केले त्याचे रक्षण हा ऐच्छिक धर्म राहत नाही, ते ऋण होते.

आणि हिंसा कोणाच्या माथी मारावयाची? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाला स्पर्श नाही, म्हणून आम्ही स्वच्छ, असे आम्हाला वाटत होते. जरा मागे जाऊन पाहू. पूर्वी वारीत ज्याच्या त्याच्या खांद्यावर घोंगडी असे. पाऊस आला की तिचीच खोळ, रात्री तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. धनगराने लोकर कातरावी, सणगराने घोंगडी विणावी, वारकऱ्याने ती घ्यावी. मेंढी जिवंत राहून दरसाल काही देत होती आणि त्याला किंमत होती. आज वारीत काय दिसते? प्लास्टिकचा कागद आणि गिरणीचे ब्लँकेट. आमच्या पिशवीतही तेच आहे! दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर घ्यावयास कोणी नाही. कातरण्याची मजुरी लोकरीच्या भावाहून अधिक, म्हणून ती कित्येक ठिकाणी टाकून देतात. लोकर गेली तेव्हा मेंढपाळाजवळ विकावयास राहिले काय? रानात मेंढरे बसविल्याचे चार पैसे किंवा धान्य, आणि कोकराचे मांस. जिवंत मेंढीचे मोल आम्ही कमी केले, आम्ही, मांस न खाणाऱ्यांनी. आणि ज्या वावरात मेंढरे बसली त्याची ज्वारी आम्ही नैवेद्याला घेतो, ती कोणाच्या खतावर आली ते पाहत नाही.

याचा अर्थ विकणाऱ्याला दोष नाही असा आम्ही करीत नाही. घोंगडीला उद्या भाव आला तरी सारे नर कोकरू कोणी पोसणार नाही, हेही आम्हाला कळते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे विवरण करताना, हिंसेच्या पोटातून अहिंसा काढू पाहणाऱ्या मतांची जी झडती घेतली आहे ती पुन्हा वाचून पाहावी. तिथे सवलत नाही. हिंसा ती हिंसाच. पण तिचा भार वाटून घ्यावयाचा आहे, आणि तो एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या गळ्यात बांधून आपण मोकळे होणे, ही हिंसेच्या वर आणखी अन्याय. निदान जे जाणार आहे त्या कोकराला ट्रकमध्ये कोंबून, तहानेने तडफडत नेऊ नये. जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून लिहिलेले आहेत. पण बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभे राहून पाहा, ते पाळताना किती दिसतात. अनुदान देणाऱ्याने मेंढी घेताना जसे कागद पाहिले तसे ती विकताना कशी गेली तेही पाहावे, असे आम्हाला वाटते.

आणि जे पैशाने होत नाही तेही सांगितले पाहिजे. रात्री पाऊस लागला असताना मेंढी अडते, तेव्हा कोणताही अधिकारी तिथे नसतो. वाघूर लावून आत मेंढरे घातलेली, घरधनीण कंदील घेऊन उभी, आणि म्हातारा गुडघ्यापर्यंत चिखलात बसून कोकराचे तोंड पुसतो, स्वतःच्या घोंगडीत गुंडाळतो, सकाळी घोड्यावरच्या बिऱ्हाडात आपल्या नातवंडाशेजारी त्याला बसवितो. याची पावती कोठे मिळत नाही. हे अनुदान सुरू होण्यापूर्वीही तो हेच करीत होता. पैसे आल्याने ते थांबले असते तर आमचा दाईचा दृष्टांत खरा ठरला असता. ते थांबलेले नाही, हे आम्ही पुढे स्वतः पाहिले.

कारण आम्ही त्या वाडीवर पुन्हा गेलो. ज्या व्यासपीठावरून दृष्टांत दिला त्याच व्यासपीठावरून तो मागे घेतला, आणि का घेतला ते सांगितले. काही मंडळींना रुचले नाही. कीर्तनकाराने आपली चूक सांगू नये, श्रद्धा ढळते, असे एकाने नंतर बजावले. असो. माळेविषयी आम्ही मामांना सांगितले, "माळ घालण्याचा अधिकार तुमच्या दिंडीच्या महाराजांचा, त्यात आम्ही हात घालीत नाही. पण तुम्हाला माळ नाही असे ज्यांनी सांगितले, त्यांनी आपल्या ताटातली ज्वारी कोणत्या रानातली हे आधी विचारावे. आणि यंदा वारीला निघताना आम्हाला एक घोंगडी पाहिजे. भाव तुम्ही सांगायचा."

ते हसले. म्हणाले, "घोंगडीचं बगू म्हाराज. उद्या लस टोचायला डाक्टर येनार हाय, चार मान्सं कमी पडत्यात. ऱ्हाता का?"

आम्ही राहिलो. मेंढी धरणे वाटते तेवढे सोपे नाही. दोनदा पडलो आणि धोतर फाटले.